समोरच्या खुर्चीतला

माझी मावशी जन्मभर प्रूफं तपासत आली. छापखान्यात हे काम दोघांचं असायचं. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील पानावर नजर ठेवायची. छापखाना बंद पडला आणि मावशी घरी एकटीच काम करू लागली, पण पद्धत तीच. हस्तलिखित स्वतःच्या हातात, छापील पानं समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे, आणि वाचन खणखणीत, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. घरातले सगळे तिची टिंगल करायचे. मी तर सगळ्यांच्या पुढे.

परवा मी लिहिलेल्या बालकादंबरीची प्रूफं घेऊन तिच्याकडे गेले. एका मुलीला एक मित्र असतो आणि तो दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, अशी ती गोष्ट. मी त्या खुर्चीत टेकणार, तोच मावशी खेकसली, "तिथे नको गं बाई!" मी पलंगावर बसले.

ती वाचू लागली. मध्येच थबकली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "कुठे? हां, बरं." मग वाकून तिने समोरच्या पानावर लाल खूण केली. मी उठून पाहिलं. हस्तलिखितातला "आम्ही" छापताना गळला होता. आणि मावशीने तोवर त्या पानाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

शेवटचं पान संपल्यावर मावशीने चष्मा काढला. "पुस्तक आवडलंय त्याला. फक्त एक विचारतोय. मुलगी मोठी झाली की मित्र निघून जातो, हे तुला कुणी सांगितलं?"