बपेऱ्यात कानात तेल कोणी घालत नाही

बपेऱ्यात गेल्या चाळीस वर्षांत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल शकुनबाईंच्या पायांवर आडवं झालेलं आहे. त्यातले काही आता मिशा राखून ट्रॅक्टर चालवतात, पण शकुनबाई समोरून आल्या की मान खाली घालतात. कोणाच्या अंगावर कुठं तीळ आहे हे चारचौघांत सांगायला ही बाई कमी करत नाही. बाळांची तेल-आंघोळ हे त्यांचं काम. अंगाला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, आणि शेवटी लसूण कढवलेल्या तेलाचे दोन-दोन थेंब कानात. त्या थेंबांशिवाय आंघोळ पुरी झाली असं गावात कोणी मानत नसे.

एक नियम मात्र त्यांच्या सासूनं घालून दिला होता. कान दुखत असला, वाहत असला, तर तेलाला हात लावायचा नाही. हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, तोही स्वतःच्या नातीच्या बाबतीत.

राखी तेव्हा चार वर्षांची होती. आठ दिवसांची सर्दी झालेली, आणि एका दुपारपासून ती कान धरून रडायला लागली. मुलगा भूपेंद्र आणि सून रुपा भाताच्या रोवणीला गेलेले. दिवेलागणीपर्यंत पोरगी रडून रडून बेजार झाली. शकुनबाईंना ते बघवेना. त्यांनी तेल कोमट केलं आणि दोन्ही कानांत सोडलं. सकाळी रडणं थांबलं होतं, पण उशीवर पिवळा डाग होता. पुढं दुसराही कान फुटला. दोन वर्षं हे कान थांबत थांबत वाहतच राहिले, आणि हळूहळू राखीला हाका ऐकू येईनाशा झाल्या. शाळेत बाईंनी पहिल्या रांगेत बसवलं, तरी ती बाजूच्या मुलीच्या वहीत बघून लिहायची.

पडदा आपल्याच तेलानं फाटला, हे शकुनबाईंनी मनाशी पक्कं केलं आणि कोणालाही सांगितलं नाही. फक्त राखीची वेणी घालताना पाठीमागून पुटपुटायच्या, "माह्यानंच झालं पोरी, माह्यानंच झालं." पोरीला ऐकू जात नव्हतं, म्हणून तर बोलता येत होतं.

यंदा फेब्रुवारीत नागपूरहून डॉक्टर रिता आल्या. लहान मुलांचे कान कशानं फुटतात आणि ते आधीच कसं टाळता येईल, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. गावच्या आशा कार्यकर्त्या उषाबाईंना बरोबर घेऊन त्या घरोघर फिरत, मुलांचे कान तपासत आणि विचारत. चूल कुठं आहे? घरात बिडी कोण ओढतं? बाटलीचं दूध देता का, आडवं पाडून की मांडीवर उचलून? सर्दी किती वेळा होते? लसी झाल्या का? आणि कानात तेल घालता का?

शेवटच्या प्रश्नानं गाव बिचकलं. पहिल्याच दिवशी विहिरीवर बातमी फुटली की डॉक्टरीण तेलाचं विचारून राहिली, आता शकुनबाईवर बालंट येते. मग काय, सगळ्या गावानं एक सूर धरला. "तेल? कानात? नाही बा, कधीच नाही." सांगणारीच्या कडेवरचं बाळ तेलानं चकाकत असायचं आणि लसणाचा वास उंबऱ्यापर्यंत यायचा. त्रेसष्ट घरं, त्रेसष्ट नकार. शकुनबाईंनी स्वतःच्या घरचाही नकार त्यात घातला आणि राखीला बापाबरोबर शेतावर पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी उषाबाई त्यांच्या ओसरीवर येऊन बसल्या. "मॅडम उद्या जाऊन राहिल्या. म्हणतात, या गावची माहिती कामाची नाही, खोटी आहे. साऱ्या पोरांचे कान पाहून झाले, तुमच्या राखीचेच राहिले. काहून आणलं नाही तिले?"

राखीला न्यायचं म्हणजे सगळं सांगणं आलं. न न्यावं, तर पोरगी जन्मभर दुसऱ्याच्या वहीत बघत बसणार. शकुनबाईंनी शेतावर जाऊन राखीचा हात धरला आणि डॉक्टर बसत ते आरोग्य उपकेंद्र तडक गाठलं.

"तेल मीच घातलं," आत शिरताच त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाच्या पोरांले मीच घालतो. गाव माह्यासाठी खोटं बोलून राहिलं, त्याहिले बोलू नका. या पोरीचा पडदाबी मीच फोडला."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी आधी राखीचे दोन्ही कान दिव्याच्या नळीतून नीट पाहिले. मग विचारलं, "मावशी, त्या दिवशी आधी काय झालं? क्रमानं सांगा."

"आधी सर्दी."

"मग?"

"मंग कान दुखला. मंग तेल. सकाळी पू."

"आणि रडणं?"

"ते थांबलं होतं."

"मग तेलानं काही फुटलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नाकाच्या मागून कानात एक बारीक वाट जाते. लहान मुलांत ती आखूड असते, सर्दी तिथून कानात शिरते. पडद्यामागं पू साठला म्हणून ती रडत होती. तो दाटला आणि पडदा आतून फुटला, तेव्हा दुखणं थांबलं. तुमचं तेल बाहेरच्या बाजूला होतं. नंतर वाहत्या कानात घातलंत का?"

"नाही. सासूनं मना केलं होतं."

"त्यानं बरंच वाचलं. भोकं लहान आहेत. कान कोरडे ठेवले, औषध वेळेवर दिलं, तर भरून येतील असं मला वाटतं. पण आता धडधाकट कानातही तेल नको."

शकुनबाईंनी हे सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग आणखी एकदा. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्यांना साठाव्या वर्षी कळलं. त्या बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गेल्या नाहीत. शकुनबाई पुढं आणि त्या मागं, अशी त्रेसष्ट घरांची फेरी पुन्हा झाली. "ए मालन, खरं सांग मॅडमले. तुह्या पोराच्या कानात तेल टाकलं का नाही मी?" घरोघरची बाई आधी शकुनबाईंकडे बघायची, मग हो म्हणायची. कागद सगळे बदलले. अजून नागपुरात हिशेब चालू आहे. पण धुराची घरं आणि आडवं पाडून पाजलेली बाटली यांच्याकडे नीट बघावं लागेल, असं डॉक्टरांनी फोनवर कळवलं. शकुनबाईंनी तेवढ्यावरच बाळंतिणींना फैलावर घ्यायला सुरुवात केली. लसणाचे थेंब बंद झाले म्हणून काहीजणी कुरकुरल्या, त्यांना त्यांनी दाद दिली नाही. राखीचं औषध मात्र त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. राखी ओसरीवर अंगणाकडे तोंड करून लाह्या खात होती आणि शकुनबाई मागं बसून वेणी घालत होत्या. मन कधीच मोकळं झालं होतं, पण जिभेची दोन वर्षांची सवय जाते कुठं. पेड हातात घेतले की शब्द आपसूक यायचे.

"माह्यानंच झालं पोरी," त्या पुटपुटल्या.

राखीनं मान वळवली नाही. तोंडातल्या लाह्या चावत तिनं विचारलं, "काय झालं, आजी?"

शकुनबाईंचे हात वेणीतच थांबले. "काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "काहीच नाही झालं, बाई." आणि त्यांनी वेणी सोडून पहिल्यापासून घालायला घेतली, कारण डोळ्यांतल्या पाण्यामुळं पेड दिसत नव्हते.