मेढ्याच्या लाइनचा लूप

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. घरात विषय निघाला की दुसरंच काही सांगत बसायचो. आता सांगून टाकतो.

साताऱ्याला एका बँकेच्या मुख्य कार्यालयात मी शाखांच्या कॉम्प्युटरच्या लाइन सांभाळायचो. लाइन बंद पडली की लूप लावून बघायचं, ही आमची पद्धत. इथून सिग्नल पाठवायचा आणि पुढे एका ठिकाणी जाणारी तार येणाऱ्या तारेला जोडून तो परत फिरवायचा. परत आला तर तिथपर्यंत सगळं ठीक. मग तो लूप काढायचा आणि पुढच्या टप्प्यावर लावायचा. सुरुवात आपल्याच मोडेमपासून, म्हणजे लाइनवर सिग्नल सोडणाऱ्या पेटीपासून. त्याला त्यासाठी एक बटण असायचं; ते दाबलेलं असेपर्यंत सिग्नल पुढे जातच नाही, तिथूनच परत फिरतो.

मेढ्याची शाखा एका पावसाळी सकाळी बंद पडली. मी बटण दाबलं, सिग्नल परत आला. माझा मोडेम ठीक होता. तेवढ्यात कुणीतरी प्रिंटर अडकला म्हणून हाक मारली आणि मी उठलो. बटण दाबलेलंच राहिलं.

परत येऊन मेढ्याला फोन लावला. तिथली पेटी शाखेचा कारकूनच बघायचा. त्याला म्हटलं, "मागे लूपचा प्लग लाव." स्क्रीनवर सिग्नल दिसतच होता.

"आला. लाइन चांगली आहे. बिघाड तुझ्याकडे आहे."

"आवं साहेब, प्लग अजून माझ्या हातातच हाय."

"काहीतरी बोलू नकोस."

"खरंच. लावायच्या आधीच कसा आला म्हनतो मी?"

"मला शिकवतोस? काल पेटीला हात लावला होतास का?"

"धूळ पुसली फडक्यानं. दुसरं काय बी न्हाई."

मला तेवढं पुरलं. शाखेतल्या माणसाने यंत्र हाताळल्यामुळे बिघाड झाला, असं मी वर कळवलं. त्या दिवशी डोंगरातून उतरून आलेली माणसं मेढ्यात पासबुकं घेऊन बसून राहिली आणि त्यालाच बोलली.

दुसऱ्या दिवशी ते बटण माझ्या नजरेस पडलं. सोडवलं. पावसाने गेलेली लाइन केव्हाच आपोआप सुरू झाली असणार, अडवून ठेवली होती ती माझ्या बटणाने. लगेच मेढ्याहून फोन आला.

"आलं साहेब, आलं! काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याची जतला बदली झाली. त्याची आई गाव सोडायला तयार नव्हती, तो एकटाच गेला. बदलीचा हुकूम निघाला तेव्हा मी त्याच खोलीत बसलो होतो. मला काही वाटलं नाही. डबा खाल्ला. काही वाटलं नाही, हेच तेवढं लक्षात आहे.

आता मी सांगलीला मुलाकडे असतो. मध्यंतरी स्टँडवर तो दिसला, जतच्या गाडीची वाट बघत. तिकडेच घर केलंय म्हणाला. माझ्या पाया पडला.

"आई?" मी विचारलं.

"गेली. मी पोचायच्या आधीच." मग म्हणाला, "साहेब, एक इचारू? तवा माझं काय चुकलं हुतं? फडकं वलं हुतं का? लय इचार केला."

"जुनं झालं ते."

"व्हय, पर पुन्हा कवा त्या पेटीला हात लावला न्हाई मी."

गाडी लागली. खिडकीतून त्याने हात केला, मीही केला. तुझं काही चुकलं नव्हतं, बटण माझं होतं, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी हात वर धरून उभा होतो.