कागदावरचा तिसरा मुद्दा

देखभाल म्हणजे कटकट, असे ज्या कोणी प्रथम ठरवले, त्याने आयुष्यात एकही वस्तू मनापासून सांभाळलेली नसावी. टेलिफोन केंद्राच्या बॅटरीघरात एकतीस वर्षे काढलेल्या बुवांचे हे मत होते, आणि ते बदलावे असे त्यांच्या पाहण्यात कधी काही आले नाही. केंद्रातले लोक त्यांना बॅटरीबुवा म्हणत. पुढे बॅटरी गळाली आणि नुसते बुवा राहिले. गुडघ्याएवढ्या उंच, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या भांड्यांच्या रांगा, त्यांत बुडलेल्या शिशाच्या पट्ट्या आणि नाकाला झोंबणारा आम्लाचा वास, एवढा त्यांचा संसार. दुसरा त्यांनी केला नाही. त्यांच्या प्रत्येक शर्टाला पोटाशी आम्लाच्या थेंबांनी पडलेली मोहरीएवढी भोके असत आणि त्या भोकांचे त्यांना काहीच वाटत नसे.

मग केंद्रात बंद डब्यांच्या बॅटऱ्या आल्या. त्यांना ‘देखभालमुक्त’ असे नाव होते. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, “आजपासून आमचे बुवाही देखभालमुक्त!” सगळे हसले. बुवाही हसले, समारंभात हसावे लागते. परंतु ज्याला कोणी पाहायला येत नाही त्याला मुक्त म्हणायचे, ही भाषा कोणत्या शाळेत शिकवतात, हा प्रश्न त्यांना घरी जाईपर्यंत सोडेना.

बुवांना एक थोरली बहीण होती. तिने आणि तिच्या यजमानांनी उतारवयाच्या तोंडावर एक रोपवाटिका काढली, तीही शहराबाहेरच्या टेकडीवर, विजेचा शेवटचा खांब जिथे संपतो त्याच्याही पलीकडे. छपरावर सौर पट्ट्या आणि मागच्या खोलीत लाकडी मांडणीवर दोन दोन व्होल्टची बारा भांडी. “खांबापलीकडे माणसाने राहू नये,” असे बुवांनी तेव्हा बजावले होते. भाऊजी हसून म्हणाले होते, “बुवा, खांब आपल्याकडे येत नाही तोवर आपणच खांब!”

सात वर्षांनी भाऊजींच्या छातीत कळ आली. कच्च्या रस्त्याने गाडी वर पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. भेटायला आलेल्या लोकांनी ओसरी भरली होती आणि त्या सगळ्यांदेखत बुवा बोलून गेले, “मी तेव्हाच सांगितलं होतं. इथे आजारी पडलेला माणूस मेल्यावरच खाली उतरतो.”

ताईने वर पाहिले नाही. ती उठली, आत गेली आणि दार लोटून घेतले.

वाक्य खोटे नव्हते, आणि हीच बुवांची मोठी अडचण होती. खोट्या बोलण्याची माफी मागता येते. खऱ्या बोलण्याची कशी मागावी, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. महिनाभराने ते काखेला पिशवी अडकवून टेकडी चढले. पिशवीत ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन, आम्लाची घनता मोजायची रबरी फुग्याची काचेची नळी, व्हॅसलीनची डबी आणि जुने फडके. ताईने दार उघडले. त्यांच्या तोंडाकडे न पाहता ती पिशवीकडे पाहून म्हणाली, “मागच्या खोलीत आहेत.”

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, बुवा जात. खरे तर पाणी दीड महिन्यातून एकदा घातले असते तरी पुरले असते. पंधरा दिवस ही त्यांनी सांगितलेली मुदत. आयुष्यात त्यांनी तांत्रिक बाबतीत केलेली लबाडी एवढी एकच.

“आलास का? जा, तुझ्या लेकी तहानल्यात,” ताई दारातूनच म्हणे. बारा भांड्यांना तिने लेकी केले होते. “एक आजारी दिसतेय बघ. चौथी. तुझ्यावर गेलीय, तोंड फुगवून बसते.”

“फुगली नाहीये. तिची घनता उतरलीय.”

“तेच ते.”

बुवा एकेका भांड्याची टोपी काढत, नळीत आम्ल ओढून घेत, तरंगणारी काडी डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचत आणि वहीत लिहीत. ताई उंबऱ्यात रोपांच्या पिशव्या भरत बसे. चहा स्टीलच्या पेल्यात, तिथेच, लाकडी मांडणीच्या कडेवर. बोलणे लेकींचे. सातव्या भांड्याशी पोहोचले की बुवांच्या मनात येई, आज बोलून टाकावे. बाराव्याशी वाटे, पुढच्या वेळी. पुढची वेळ होतीच, पाणी आटतच होते. आटणाऱ्या पाण्यावर माणूस किती विसंबून राहू शकतो, हे बुवांना विचारावे. अशी नऊ वर्षे गेली.

दहाव्या वर्षी ताईची मुलगी, बुवांची भाची, आली. तिने आणि तिच्या नवऱ्याने नोकरी सांभाळून गावोगाव हिंडण्यासाठी एक घरगाडी सजवून घेतली होती. आत पलंग, शेगडी, फ्रिज, सगळे काही. ही वरात टेकडीवर येऊन उभी राहिली तेव्हा बुवा पाचव्या भांड्याशी होते.

“मामा, अजून ही भांडी? आमच्या गाडीत लिथियम आहे. तीन दिवस ऊन नसलं तरी फ्रिज चालतो. वजन या सगळ्याच्या पावपट. पाणी नाही, वास नाही. बघायलासुद्धा लागत नाही!”

“कानामागून आली आणि तिखट झाली,” बुवा पुटपुटले.

“मामा, तू चिडलास?”

“बॅटरीवर कोण चिडतं?”

भाचीने हिशेब मांडला, आणि तो बरोबर होता. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उपसली की तिचे आयुष्य घटते. लिथियमची जवळजवळ सगळी वापरता येते. ताईच्या भांड्यांचे वय झाले होते, ढगाळ आठवड्यात पंप चालत नसे आणि रोपे माना टाकत. बुवांना यातले सर्व काही भाचीच्या आधीपासून ठाऊक होते.

ताईने सगळे ऐकून घेतले आणि हातातली मातीची पिशवी खाली ठेवली. “तू सांग,” ती बुवांना म्हणाली. “तू म्हणशील तसं करू. राहू दे म्हणालास तर राहू दे.”

या ठिकाणी बुवांनी थांबायला हवे होते. इतक्या वर्षांत ताईने त्यांना विचारलेला हा पहिलाच खरा प्रश्न होता. परंतु एकतीस वर्षे ज्याला साहेबांनी फक्त आकडा विचारला, तो माणूस प्रश्न आला की आकडाच देतो. त्यात मनात एक काटाही होता: हिला विचारावेसे तरी का वाटावे? नऊ वर्षे कोण चढतेय ही टेकडी?

“तांत्रिकदृष्ट्या लिथियमच चांगली,” बुवा म्हणाले. “यात विचारायचं काय?”

“बरं,” ताई म्हणाली आणि पिशवी पुन्हा उचलली.

हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय! ते काम दुसऱ्या कोणाला करू देणे बुवांच्या अभिमानाला मानवले नाही. त्यांनी ते स्वतः केले आणि असे केले की नाव ठेवायला जागा उरू नये. चार्जरमधली जुनी मापे पुसून नवी भरली. दर महिन्याला जास्त दाबाने चार्ज देण्याची शिशाची रीत नव्या बॅटरीला घातक असते. तीही न विसरता बंद केली. बारा भांडी टेम्पोत चढली तेव्हा ताई दारात उभी होती. “चालल्या रे तुझ्या लेकी सासरी. रडून घे.”

“भंगारात चालल्यात.”

“तुला ना, कधी हसायचं तेही कळत नाही.”

मांडणीवर आता एक करडी पेटी उरली, तिला आकडे दाखवणारा छोटा पडदा. वर भिंतीवर बुवांनी एक कागद चिकटवला. ठळक, सुबक अक्षरांत सहा मुद्दे. तिसरा असा: ‘पहाटे गोठवणारी थंडी असल्यास, ऊन पडले तरी पेटी चार्ज घेणार नाही. हा बिघाड नव्हे. खोली उबदार झाल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होईल. कोणालाही बोलावण्याची आवश्यकता नाही.’

शेवटचे वाक्य लिहिताना त्यांना विलक्षण समाधान वाटले होते.

दोन महिन्यांनी बुवा एकदा टेकडीवर गेले. पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचे काय करावे हे त्यांना कळेना. ताईने त्यांना पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवले आणि चहा बशीसह आणला, फुलांच्या नक्षीच्या कपात, जो पाहुण्यांसाठी वर ठेवलेला असे. बुवांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिले. पडद्यावर चौऱ्याण्णव टक्के होते.

“ठीक आहे ना?” ताईने विचारले.

“अगदी ठीक.”

“मग तुझं काय चाललंय?”

“काही नाही. तुझं?”

“रोपं.”

दहा मिनिटांत बोलणे संपले. काम नसताना कोणाच्या घरी बसून राहणे ही एक वेगळी विद्या आहे. लोक ती लहानपणी शिकतात. बुवांना ती येत नव्हती. त्यानंतर ते गेले नाहीत.

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आठला फोन वाजला. बुवा बुटांना पॉलिश करत होते. जायचे कुठेच नव्हते, पण रविवारची सवय.

“अरे, ऊन चांगलं पडलंय,” ताईचा आवाज आला, “पण पेटी काही घेत नाहीये.”

“पडद्यावर किती टक्के?”

“बेचाळीस.”

“मग घाबरण्यासारखं काही नाही. भिंतीवर कागद लावलाय ना? तिसरा मुद्दा वाच.”

पावले मागच्या खोलीकडे गेल्याचे ऐकू आले. मग ताई वाचू लागली, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक शब्द सुटा करून. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली.

“कोणालाही बोलावण्याची आवश्यकता नाही,” ती म्हणाली. “म्हणजे तुला यायला नको.”

“छे! कशाला उगाच? दहाच्या आत आपोआप सुरू होईल.”

“सगळं लिहून ठेवलंयस रे बाबा तू.”

“त्याचसाठी लिहिलंय.”

“बरं. ठेवते मग.”

जागेवरून न हलता दोष निवारला, याचा बुवांना दिवसभर अभिमान वाटत राहिला. कुठे पाणी मुरते आहे हे ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला एवढेही ऐकू आले नाही.

पुढच्या हिवाळ्याआधीच ताई गेली. झोपेतच गेली, भाची त्या वेळी तिथे होती. टेकडीवर लोक जमले, ओसरी पुन्हा भरली, आणि या वेळी बुवा एक अक्षर बोलले नाहीत. त्या मौनाचा आता कोणाला काही उपयोग नव्हता.

तेराव्या-चौदाव्या दिवशी भाची म्हणाली, “मामा, आम्ही निघतो आता. घर काही महिने बंद राहील. पेटीचं तेवढं बघशील? तुझ्याइतकं कोणाला कळत नाही.” घरगाडी उतारावरून खाली गेली आणि किल्ली बुवांच्या हातात राहिली.

सकाळचे दहा वाजले होते. मागच्या खोलीत लाकडी मांडणीवर जुन्या भांड्यांच्या बुडांचे बारा डाग तसेच होते. पेटी शंभर टक्के भरलेली. बुवांनी सवयीने कागदाकडे पाहिले, आणि चष्मा काढून पुसून पुन्हा लावला.

तिसऱ्या मुद्द्याखालच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने बारीक अक्षरांत एक यादी होती. डावीकडे तारीख, उजवीकडे वेळ, मध्ये रेघ. बुवा वहीत घनतेचे आकडे लिहीत तशीच मांडणी. उंबऱ्यात बसून ती नऊ वर्षे काय पाहत होती, ते त्या मांडणीत दिसत होते.

१२ – ८.४०
१३ – ९.०५
१४ – ८.५०
१६ – ९.१५
१७ – ९.००
१९ – फोन केला. ९.१०
२० – ८.५५

पुढे आणखी चार ओळी होत्या. बुवांनी त्या वाचल्या नाहीत. एकोणीस तारखेला रविवार होता. एक रविवार सोडून येणारा रविवार कोणता, हे मोजून पाहण्याची त्यांना गरज नव्हती.

पेटी का थांबते आणि केव्हा सुरू होते, हे तिला आठवडाभर आधीपासून मिनिटांनिशी ठाऊक होते. ठाऊक असलेलीच गोष्ट तिने विचारली होती. आणि त्यांनी तिला कागद वाचायला लावला होता.

लिथियमची पेटी दीर्घकाळ बंद ठेवायची असेल तर पूर्ण भरलेली ठेवू नये, साधारण निम्मी ठेवावी, असा नियम आहे. तो सहाव्या मुद्द्यात होता. बुवांनी छपराकडून येणारी वीज तोडली. मग घरभर फिरून भर दिवसा एकेक दिवा लावला: ओसरीचा, स्वयंपाकघराचा, ताईच्या उशाचा. पंखे सुरू केले. शेवटी पंप लावला, आणि वाटिकेत गेले दोन आठवडे कोणी न विचारलेल्या रोपांच्या ओळींतून पाणी धावू लागले. मांडणीखाली राहून गेलेल्या पाण्याच्या रिकाम्या कॅनवर, पडद्यासमोर, बुवा बसले. निम्म्यावर यायला संध्याकाळ होणार होती. इतका वेळ ते त्या घरात यापूर्वी कधी थांबले नव्हते.

एकाऐंशीवर त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. सदुसष्टवर उठून फडताळातला स्टीलचा पेला काढला, धुतला आणि मांडणीच्या कडेवर ठेवला. एकसष्टवर, पंपाचा आवाज मोठा आहे याची खात्री करून, ते म्हणाले, “ताई, तेव्हा मी तसं बोलायला नको होतं.”

पंप चालत राहिला.

पन्नासचा आकडा आला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होते. स्विच हाताशी होता. चुकूनही मापाबाहेर न गेलेला तो माणूस एकोणपन्नासवर बसून राहिला, अठ्ठेचाळीसवरही.