मडक्यांच्या मधून मोर्चा

गावात मोर्चा निघायचा असला की आदल्या दिवशी जमादार एकटेच तो मोर्चा काढून यायचे. खोटं वाटेल, पण अर्ध्या गावाने ते पाहिलं आहे. सकाळी बाजार मैदानातून निघायचे, मोर्चा चालतो तितक्याच सावकाश चालायचे, जिथे घोषणा होणार तिथे थांबायचे आणि तहसील कचेरीच्या फाटकाला हात लावून परत फिरायचे. वाटेत कुणाच्या दारात बांधकामाची खडी पडलेली दिसली की घरमालकाला हाक मारायचे. "याच्यावर ताडपत्री टाक, वरून खाट टाक आन् तुह्या बुढ्याले तिथं बसव. बुढा बसला असला की खडीले कोनी हात लावत नाई." पोरं हसायची. जमादाराचा मोर्चा निघाला म्हणायची. जमादार त्यांनाही हात दाखवायचे, पुढाऱ्यासारखा.

आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला जमादार म्हणतात. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. मूळचे इंझोरीचे. अंगाने इतके वाळलेले की पट्ट्याला खिळ्याने जास्तीची भोकं पाडली होती. मी कुंभाराच्या घरातली. माहेर केनवडचं, शाळा चौथीपर्यंत, पुढे सगळा जन्म माती आणि आवा. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. बाजार मैदानाकडून कचेरीकडे जाताना रस्ता अरुंद होऊन वळतो, त्या वळणावर निंबाखाली मी मडकी मांडून बसते. छप्पर नाही, दार नाही. गावातला प्रत्येक मोर्चा माझ्या मडक्यांना घासून जातो. त्यामुळे जमादारांची आणि माझी ओळख झाली, ती भांडणातूनच.

त्यांना एक खोड होती. पाणी प्यायला थांबले की बोटाच्या पेराने एकेक मडकं वाजवून बघायचे. विकत काही घ्यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "जमादार, घ्याचं नसन तं वाजवता कायले?"

"पाहून राह्यलो. मानूस आन् मडकं वाजवल्याशिवाय समजत नाई."

"मंग मानसं वाजवा. त्याच्यासाठीच काठी देल्ली तुमाले सरकारनं."

ते हसले. काठी त्यांच्या काखेत असायची. हातात मी फार कमी वेळा पाहिली.

माझं म्हणणं साधं होतं आणि मी ते दर वेळी तोंडावर सांगत असे. ज्या मोर्चात भांडण होणार हे आंधळ्यालाही दिसतं, तो पोलिसांनी बंद करावा. ज्याला बोलायचं त्याने कचेरीत जाऊन कागद द्यावा. दोनशे माणसं ओरडत नेऊन कागद जड होत नाही. जमादार ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "बाई, मलेही मोर्चाचं कौतुक नाई. माहे पाय दुखतात. पन बंदी घातल्यानं मानसाच्या पोटातलं बंद होत नाई. ते दुसऱ्या रस्त्यानं येते."

"येऊ द्या. माह्या रस्त्यानं नको."

एका वर्षी माझ्या मनासारखं झालं. आमच्या मोठ्या चौकाला नाव द्यायचं निघालं. गावात दोन गट पडले, दोन नावं आली. दोन्ही मोठी माणसं, दोन्ही कधीच वारलेली, आणि दोघांपैकी एकानेही आमचा चौक पाहिला नसेल. पण वाद असा पेटला की एका गल्लीतली माणसं दुसऱ्या गल्लीतल्या गिरणीवर दळण न्यायची बंद झाली. एका गटाने मोर्चाची परवानगी मागितली. त्या वेळच्या ठाणेदारांनी बंदी घातली. मला बरं वाटलं.

मोर्चाचा दिवस बाजाराचा होता. रात्रीतून मोबाईलवर निरोप फिरला, उद्या पिशव्या घेऊन या. माणसं पिशव्या घेऊन आली. मोर्चाला आलेला कोण आणि वांगी घ्यायला आलेला कोण, कुणालाच कळेना. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, बोलायचं तर कुणाशी. दुपारी तीन गल्ल्यांतून एकदम घोषणा उठल्या. दुसरा गटही बाजारातच होता. कुणीतरी कांदा फेकला म्हणतात, कुणी म्हणतं दगड. पोलीस धावले, मग सगळेच धावले, आणि धावणारी माणसं माझ्या वळणावर येऊन माझ्या मडक्यांतून गेली. अर्धा माल गेला.

संध्याकाळी जमादार आले. कपाळाला पट्टी होती. खाली बसले आणि माझ्याबरोबर खापरं वेचू लागले. वेचता वेचता म्हणाले, "मोर्चा असता तं पुढं कोन हाय ते मले ठाव असतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतलं असतं, भाऊ, इथून वळ. आज मी कोनाले थांबवू? वांगेवाल्याले?"

मी म्हटलं, "बंदी ढिली झाली. आनखी कडक पायजे होती."

"बाजारही बंद ठेवाचा?"

बाजार बंद म्हणजे माझा धंदा बंद. तेवढं चौथी शिकलेलीलाही कळतं.

जमादार सगळ्यांनाच हो म्हणत असत असं कुणी समजू नये. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मानसाले नाई म्हनू नोको. रस्त्याले म्हन, वेळेले म्हन, काठीले म्हन." एकदा एका गटाला विरोधी पुढाऱ्याच्या घरापुढे थांबून पुतळा जाळायचा होता. त्या घरात म्हातारी आजारी होती. जमादारांनी त्यांना ठाण्यात बसवून चहा पाजला आणि सांगितलं, मोर्चा काढा, पुतळा कचेरीपुढं जाळा, त्या घरावरून जाल तर मी आडवा निजतो. ते गेले नाहीत. आणखी एका गटाला झेंड्यांचे बांबू काढून बारीक वेताच्या काड्या लावायला लावल्या होत्या. झेंडा तेवढाच फडकला.

पुढच्या उन्हाळ्यात चौकाचा वाद पुन्हा निघाला. तोच गट, तोच मोर्चा, तोच रस्ता. ठाणेदारही तेच. त्यांनी बंदीचा कागद लिहायला घेतला होता. जमादारांनी त्यांच्याकडून एक दिवस मागून घेतला आणि रस्ता चालून माझ्याकडे आले.

"बाई, उद्या मडके रस्त्यावर मांड. दोन्ही बाजूनं. मधात तीन मानसं जातीन एवढीच वाट ठेव."

मला वाटलं उन्हाने यांचं डोकं फिरलं. अक्षय तृतीया चार दिवसांवर होती. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. माझा वर्षाचा धंदा त्या आठवड्यात होतो. माल सगळा निंबाखाली उतरवलेला होता. मी तो उचलून घरात न्यायच्या विचारात होते आणि हा माणूस मला तो रस्त्यावर मांडायला सांगत होता.

"मांगच्या खेपेले अर्धे फुटले. आता उरलेले फोडाचे हायेत काय तुमाले?"

"मांगच्या खेपेले कोनं फोडले?"

"मानसानं फोडले. भुतानं नाई."

"धावनाऱ्या मानसानं फोडले. चालनाऱ्यानं एक तरी फोडलं काय, सांग."

मी आठवून पाहिलं. इतकी वर्षं मोर्चे गेले. शिव्या ऐकल्या, धूळ खाल्ली, पण चालत्या माणसाने मडकं फोडलेलं मला आठवेना. ते म्हणाले, "आपल्याकडं मडकं कवा फोडतात? मयतीत. नव्या घागरीले जानूनबुजून लाथ मारन असा मानूस या गावात पैदा व्हाचा हाय. मडक्यातून चालते तो खाली पाहून चालते. खाली पाहून चालनाऱ्याच्या हातून दगड सुटत नाई."

"आन् सुटला तं?"

"मी तिथंच उभा राहीन. पयला मले लागन."

हे काही मडक्यांची भरपाई नव्हती, आणि मी तसं त्यांना सांगितलं. पण रात्री विचार केला की बंदी घालून झालं ते मी पाहिलं आहे, हे नुसतं ऐकते आहे. सकाळी उठून मांडायला लागले. शहाणपणा एवढा केला की आव्यात तडकलेली, कुणी घेणार नाही अशी मडकी पुढे काढली.

जमादार आले आणि चालत चालत पेराने वाजवू लागले. सात-आठ वाजवून झाल्यावर माझ्याकडे वळले. "हे तं सगळे फुटके हायेत."

"लोकाले काय समजते?"

"लोकाले तुह्या तोंडावर समजन. फुटक्या मालापाशी तू अशी निवांत बसशीन, पदरानं वारा घेत. चांगले मांड. तुहा जीव अडकला पायजे, तवा त्याहिचा अडकन."

मी त्यांना दोन शिव्या दिल्या आणि चांगला माल मांडला. घागरी, माठ, मोठे रांजण, सगळं. मग खरंच माझा जीव तिथे अडकला. बसवेना म्हणून मी उभीच राहिले.

मोर्चा आला. आवाज लांबूनच ऐकू येत होता. वळणाच्या पलीकडे दुसऱ्या गटाची माणसं हाताची घडी घालून उभी होती आणि ती तशीच उभी राहणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोर्चाचा पुढारी वळणावर आला, मडकी पाहिली आणि थांबला. मागून रेटा आला. तो मागे वळून ओरडला, "ए, रेटू नोका, बुढीचे मडके हायेत." मग ते तिघे-तिघे करून आत शिरले. कुणी धोतर वर धरलं, कुणी झेंडा खांद्याला टेकवला. घोषणा द्यायच्या तर मान वर करावी लागते आणि पाय टाकायचा तर खाली बघावं लागतं. दोन्ही जमेना. घोषणा अर्ध्यावर यायच्या आणि थांबायच्या. मधूनच कुणीतरी म्हणायचं, "डावीकडं रांजन हाय रे, सांभाळ."

पलीकडून एकजण ओरडला, "अरे, नव्या नवरीवानी चालून राह्यले पाहा हे."

आतला एकजण म्हणाला, "तू येऊन दाखव ना लेका, मंग सांग."

आधी पलीकडचे हसले, मग मोर्चातले हसले. जमादार मध्ये उभे होते, काठी काखेत. ते हसले नाहीत. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ते पायांकडे बघत होते. मग माझ्याकडे आले आणि पाणी मागितलं. एका दमात दोन तांबे प्याले.

आठ दिवसांनी दुसऱ्या गटाने मोर्चा काढला. त्यांचा माणूस आदल्या दिवशी येऊन मला म्हणाला, मडकी मांडा, नाहीतर आम्ही भ्यालो म्हणतील. घागरी सगळ्या विकल्या गेल्या होत्या. मी लहान गाडगी मांडली.

जमादार निवृत्त झाले तेव्हा ठाण्यात हारतुरे झाले. मी गेले नाही, मला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते साध्या कपड्यांत आले, नेहमीसारखं पाणी प्याले, दोन मडकी वाजवली. जाताना म्हणाले, "आता तू पाहात जाय."

"मी काय पोलीस हाओ?"

"तुले वर्दीची गरज नाई. तुह्या तोंडालेच लोक भेतात."

आणि इंझोरीला निघून गेले. त्यानंतर एकदाच भेट झाली. ती या वर्षीची. पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं.

या वर्षी चौकाला अजून नाव नव्हतंच. उन्हाळ्यात पुन्हा मोर्चा ठरला. ठाण्याला आता बाई ठाणेदार आहेत, बाहेरच्या जिल्ह्यातल्या, माझ्या नातीच्या वयाच्या. बंदी येणार असं ऐकलं. मी पायात चप्पल घातली आणि ठाण्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या म्हणाल्या, "आजी, काही झालं तर जबाबदार कोण?"

मी म्हटलं, "बंदी घालून झालं तं कोन? तवाही तुमीच. माह्या समोर झालं हाय." मग बाजाराचा दिवस सांगितला, मडक्यांचा सांगितला. आणि आपोआप तोंडातून निघालं, "मानसाले नाई म्हनू नोका. रस्त्याले म्हना, वेळेले म्हना, काठीले म्हना."

त्यांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमच्याच ठान्यातल्या एका जमादारानं. तो असता तं आदल्या दिवशी रस्ता चालला असता."

त्यांनी बंदीचा कागद बाजूला सारला. मग टोपी घेऊन उठल्या. "चला, दाखवा."

माझे गुडघे गेलेले आहेत, त्यामुळे मोर्चाची चाल मला बरोबर जमली. बाजार मैदानापासून कचेरीच्या फाटकापर्यंत आम्ही दोघी चाललो. दोन ठिकाणी खडी होती. बाईंनी स्वतः घरमालकांना हाक मारली. पोरं हसत होती. बाजाराचा दिवस टाळून त्यांनी मोर्चाला परवानगी दिली, सकाळची वेळ दिली, बांबू नको म्हणून सांगितलं. मी मडकी मांडली, चांगली.

मोर्चा झाल्यावर मी बसने इंझोरीला गेले. जमादार ओसरीत खाटेवर बसून होते. पाय सुजलेले, आवाज बारीक. कशी आहेस वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "किती फुटले?"

"एक."

त्यांचा चेहरा उतरला. "कोनं फोडलं? दगड आला?"

"नाई. मोर्चा गेल्यावर मडके उचलत होती. माहाच पाय लागला."

ते इतके हसले की सून आतून पाणी घेऊन धावत आली. पाणी पिऊन झाल्यावर, डोळे पुसत, मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "मंग बाई, बंदी तुह्यावरच घाला लागन."