डोळे काढण्याचा चाकू

“कबूल आहे म्हणायचं, दंड भरायचा आणि संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने घरी जायचं. यात अवघड काय आहे?”

कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदार माझ्या अशिलाला समजावत होते. ते रागावलेले नव्हते. उलट त्यांना देवरावांची काळजीच वाटत होती.

देवराव म्हणजे माझे अशील. वय पंचेचाळीसच्या आसपास, गाव वरूडच्या बाजूचं. संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. कर्वेनगरातल्या एका शिक्षणसंस्थेने त्यांना माळी म्हणून निवडलं होतं. नोकरी कायम होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा होता. कागदपत्रं द्यायला म्हणून ते पुण्यात आले आणि येताना आपला चाकू पिशवीत घेऊन आले. न्हावी कात्री घेऊन निघतो, तसं. मार्केट यार्डाजवळ उतरले, तिथे नाकाबंदी चालू होती. पिशवी उघडली आणि चाकू निघाला.

पोलीस आयुक्त सणावाराला किंवा वातावरण तापलेलं असताना पंधरा-पंधरा दिवसांचा आदेश काढतात. त्या काळात शहरात तलवार, चाकू, काठी वगैरे जवळ बाळगायला बंदी असते. वकील मंडळी त्याला नुसतं ‘सदतीस-एकशेपस्तीस’ म्हणतात. पहिला आकडा बंदीच्या कलमाचा, दुसरा शिक्षेच्या. पातं अमुक इंचांच्या आत असलं की चालतं, असा लोकांचा समज असतो. इंचांचा हिशेब आहे, पण तो शस्त्रपरवान्याच्या नियमांत. या आदेशात इंच नाहीत. देवरावांचं पातं अडीच इंचांचं होतं आणि आदेश चालू होता.

कबूल केलं की बहुतेक कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा होते आणि थोडा दंड. दिवसभरात माणूस मोकळा. म्हणून हवालदारांचा सल्ला व्यवहाराला धरूनच होता. पण कबुली म्हणजे दोषी ठरणं, आणि ते दाखल्यावर येणार.

देवरावांनी मला विचारलं, “वकीलसाहेब, कबूल केलं तं नोकरी राहीन का जी?”

“अवघड आहे.”

“मंग नाही करत.”

शिक्षणसंस्थेने वर्ष संपेपर्यंत जागा धरून ठेवायचं मान्य केलं होतं. तेवढ्यात निकाल लागायला हवा होता.

मी केसचे कागद घेऊन वाचले. शिपायाने दिलेल्या फिर्यादीत एक वाक्य होतं: ‘सदर इसमाकडे चाकूबाबत विचारणा केली असता, मी याने डोळे काढतो, असे त्याने सांगितले.’

हे वाचून कोणीही घाबरेल. मी मात्र खूश झालो. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे मला पाठ होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. पुस्तकात शिकलेला नियम समोरच्या कागदाला तंतोतंत लागू पडला की मला अजूनही परीक्षेत ओळखीचा प्रश्न आल्यासारखं वाटतं. हे घातक वाक्य कोर्टाने विचारात घेऊ नये, असा चार पानांचा अर्ज मी लिहिला. रात्र घालवली नाही, पण अख्खा रविवार घालवला.

सोमवारी तो सिनियरांना दाखवला. ओळखपाळख नसताना त्यांनी मला ऑफिसात खुर्ची दिली होती. ते उपकार मी विसरत नाही, आणि खुर्चीत बसल्यावर काय काय ऐकावं लागतं तेही विसरत नाही.

“चार पानं?”

“हो सर.”

“शुद्धलेखन उत्तम आहे. डोळे कोणाचे?”

“झाडाचे, सर. फांदीवर जिथून फूट येते, त्या जागेला डोळा म्हणतात. तो सालीसकट अलगद काढायचा आणि जंबेरीच्या, म्हणजे एका जंगली लिंबाच्या, खुंटाला चीर देऊन त्यात बसवायचा. म्हणजे खाली जंबेरी, वर संत्रं.”

“हे आपल्याला कधी समजलं?”

“पहिल्याच भेटीत. देवरावांनी सांगितलं.”

“आणि पोलिसांना त्यांनी कधी सांगितलं?”

“पकडलं त्याच वेळी.”

सिनियरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे चाकू कामाचा आहे हे आरोपीने जागच्या जागी सांगितलं. पोलिसांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली. आणि ते वाक्य काढून टाका, असा अर्ज आपण आरोपीतर्फे देताय.”

मी अर्ज टेबलावरून माझ्याकडे ओढला.

“सरकारी वकिलांनी नेमलंय का आपल्याला?”

“नाही सर.”

“मग विचारून बघा, नेमतील. आयुक्तांचा आदेश शेवटपर्यंत वाचलात?”

मी बंदीची यादी वाचली होती. शेवटचा परिच्छेद वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं की, ज्यांना आपल्या कामासाठी अशी वस्तू जवळ बाळगावी लागते, त्यांना आदेश लागू नाही. रोपवाटिकेच्या मालकाचं पत्र आमच्याकडे होतं, पण ते अटकेनंतरचं. ते मागाहून मिळवलं, असं सरकारी वकील म्हणणारच. पकडताना सांगितलेली गोष्ट फक्त त्या एका वाक्यात होती, आणि तेच खोडायला मी निघालो होतो.

अर्ज मी घरी नेला.

साक्षीला फिर्याद देणारे पोलीस शिपाई आले. तरुण, नीटनेटके, खरं बोलणारे. सरकारी वकिलांनी ते वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने वदवून घेतलं. मी हरकत घेईन असं त्यांना वाटलं असावं. मी बसून राहिलो. मग क्रॉसला उठलो. क्रॉस म्हणजे समोरच्याच्या साक्षीदाराला आपण विचारायचे प्रश्न.

“आपलं मूळ गाव?”

“इंदापूर तालुका.”

“शेती?”

“आहे. वडील बघतात.”

“पीक?”

“ऊस.”

“लागवडीला कांड्यांचं बेणं कसलं घेता?”

सरकारी वकील उठले. “मॅडम, याचा केसशी काय संबंध?”

न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, “तेच मला ऐकायचंय. उत्तर द्या.”

शिपाई म्हणाले, “दोन डोळ्यांचं.”

एवढं बोलून ते थांबले. पुढचा प्रश्न मी विचारायच्या आधीच तो त्यांच्या चेहऱ्यावर आला होता. तरीही विचारणं भाग होतं.

“मग आरोपी डोळे काढतो म्हणाले, तेव्हा आपल्याला कोणाचे वाटले?”

“माणसाचे.”

“का?”

“मार्केट यार्डात उभे होतो ना साहेब. शेतात असतो तर कळलं असतं.”

मॅडमनी हे उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. मग त्यांनी शिपायांना विचारलं, “कशाचे डोळे, हे तुम्ही विचारलं नाहीत?”

“त्यांनी तेवढंच सांगितलं, मॅडम.”

मागून देवराव म्हणाले, “तेवढंच इचारलं जी.”

मॅडमनी त्यांना गप्प बसायला सांगितलं, पण तेही हसू आवरून.

निकाल लागला, देवराव निर्दोष सुटले. चाकू हे आरोपीच्या व्यवसायाचं साधन असून तसा खुलासा त्याने तत्काळ केला होता, असं निकालपत्रात आहे. देवरावांनी त्याची प्रत शिक्षणसंस्थेत दिली, दाखला मिळाला, आणि वर्ष संपायला तीन आठवडे असताना ते रुजू झाले. कॅम्पसमधल्या लिंबाच्या झाडावर त्यांनी मोसंबीचा डोळा बसवलाय. धरला तर बोलावतो म्हणाले.

आता देवरावांच्या गावाकडचे लोक पुण्याला येण्याआधी मला फोन करतात. किती इंचांपर्यंत चालतो, एवढंच त्यांना हवं असतं. मी सांगतो की, त्या पंधरवड्यात आदेश आहे का ते आधी बघा, आणि कामाशिवाय चाकू आणूच नका. कामाचा असेल, तर काम पूर्ण वाक्यात सांगायची तयारी ठेवा. देवरावांनी ‘झाडाचे’ हा एक शब्द गाळला. तो परत घालायला मला सात तारखा लागल्या.