पानावरचा अंगठा

अर्ज न करताही माणसाला श्वास घेता येतो, ही गोष्ट आमच्या भाऊजींना मनातून कधीच पटलेली नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौंसरच्या एका सरकारी कचेरीत बडे बाबू म्हणून त्यांनी लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले, आणि निवृत्तीनंतर पांढुर्ण्याला घरी बसून, जणू त्याचं प्रायश्चित्त म्हणून, स्वतःचे परत आलेले अर्ज झेलू लागले.

निमित्त झालं पुस्तकांचं. लोधीखेड्याच्या एका घरातली जुनी मराठी पुस्तकं रद्दीत चालली होती. ती भाऊजींनी ऑटोत घालून आणली आणि पानन् पान इंटरनेटवर चढवायचं ठरवलं. कुणीही, कुठूनही, फुकट वाचावं. यंत्र नव्हतं, म्हणून संत्र्याची रिकामी पेटी उलटी ठेवली, वरच्या फळीला भोक पाडून त्यावर मोबाईल ठेवला, पुढची बाजू उघडी करून आत पुस्तक सरकवलं. भाऊजी वरून फोटो काढायचे. ताई स्वयंपाकघरातून येऊन पान उलटायची आणि खालचा कोपरा उजव्या अंगठ्याने दाबून धरायची. त्यामुळे शेकडो पुस्तकांच्या पानापानावर, मजकुराच्या शेवटी, ताईचा हळद लागलेला अंगठा आहे. पुढे दोन-तीन निवृत्त मास्तर येऊन याद्या करू लागले. पगार कुणालाच नव्हता; चहा होता.

इथवर सगळं ठीक होतं. मग भाऊजींना वाटलं की एवढ्या कामाला शासनाचा आधार हवा. भोपाळने कळवलं की पुस्तकं मराठी आहेत, महाराष्ट्राला विचारा. मुंबईने कळवलं की गाव मध्य प्रदेशात आहे, भोपाळला विचारा. दुसरा कुणी असता तर खचला असता. भाऊजींनी भोपाळचं पत्र मुंबईच्या अर्जाला जोडलं, मुंबईचं भोपाळच्या, आणि दोन्हींची पोच मागितली. योजना शेतीची निघाली की त्यांचं वाचनालय ‘संत्रा उत्पादक ज्ञानकेंद्र’ व्हायचं, महिलांची निघाली की ‘महिला वाचन प्रगती मंडळ’. मी एकदा विचारलं, यातलं खरं नाव कोणतं? ते म्हणाले, “जे मंजूर होईन ते.”

एका ट्रस्टने सांगितलं की नोंदणीकृत समिती असल्याशिवाय पैसा मिळत नाही. झाली समिती. पहिल्या बैठकीला सौंसरवाले एका बाजूला बसले, पांढुर्णावाले दुसऱ्या, आणि लेटरहेडवर कुणाचं नाव आधी यावं यावर जे झालं त्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या आमच्या गोटमारीची जाम नदी आणि दगड तेवढे नव्हते. त्या समितीतल्या एकानेही कधी पुस्तकाचं पान धरलं नाही, पण फोटोत सगळे होते. पुढे सत्कार झाले. शाली भाऊजींनी पुस्तकांखाली अंथरल्या. काही पानांच्या मागे जरीचा काठ दिसतो तो त्यांचाच. शेवटी एका खात्याची मदत खरोखर आली. ग्रंथालयाला देण्याच्या वस्तूंच्या यादीत संगणक बसत नव्हता, म्हणून त्यांनी सहा लोखंडी कपाटं पाठवली. इंटरनेटवरच्या वाचनालयाला कपाटं! ताईने त्यांत वड्या-पापड ठेवले. देशात शासकीय अनुदानावर ठेवलेले तेवढेच पापड असावेत.

गेल्या महिन्यात मात्र खरी संधी आली. बाहेरगावच्या एका मोठ्या संस्थेचे साहेब घरी आले, दोन वेळा जेवले आणि म्हणाले की ही सगळी पुस्तकं आम्ही कायमची सांभाळू. हे महत्त्वाचं होतं, कारण आज वाचनालय भाऊजींच्या पेन्शनवर चालतं, आणि ज्या दिवशी भाऊजी नसतील त्या दिवशी तेही नसेल. मूळ पुस्तकं तर बहुतेक वाळवीने संपवली आहेत. साहेबांची अट एकच होती. पानांवरचे अंगठे दर्जाला शोभत नाहीत. त्यांचं यंत्र ते आपोआप पुसून टाकेल, तुम्ही फक्त संमतीवर सही करा.

ताई पलीकडे खुर्चीत बसली होती. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायू झाला. तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडलेला असतो. आता ती डाव्या हाताने जेवते.

ती म्हणाली, “करून टाका नं सही. मी बी.ए. झाली अन् तुम्ही मले जगभर अंगठाबहाद्दर करून ठेवलं.”

भाऊजींनी पेन खिशात परत ठेवलं. साहेब गेल्यावर मी त्यांना समजावलं की ज्या माणसाने अनुदानासाठी वाचनालयाचं नाव चार वेळा बदललं त्याने एवढ्यावर अडू नये. ते म्हणाले, “नाव माझं होतं बापा. हात तिचा आहे.”

त्यांनी उत्तर लिहिलं. विषय नाही, संदर्भ नाही, सोबत जोडलेली कागदपत्रं नाहीत. “अंगठा राहील. कळावे.” त्यांच्या हातून लिहिला गेलेला तो सर्वांत लहान कागद. संस्थेने पोच दिलेली नाही, आणि भाऊजींनी ती मागितलेली नाही.

त्या दिवशी मी त्यांना मूर्ख म्हणालो, आणि व्यवहारापुरतं अजूनही म्हणतो. पण दुपारी कधी मोबाईलवर त्यांचं एखादं पुस्तक उघडतो. परवा मधमाश्या पाळण्यावरचं एक अत्यंत कंटाळवाणं पुस्तक शेवटपर्यंत पाहिलं. त्यात मधमाश्यांबद्दल काय लिहिलं आहे ते मला सांगता येणार नाही. अंगठ्यावरची हळद चाळिसाव्या पानापर्यंत फिकी होत जाते, आणि एकेचाळिसाव्यावर एकदम ताजी दिसते. मध्ये उठून ती वरणाला फोडणी देऊन आली असणार.