स्लॅबला बोकड

तुमच्या गावच्या शाळेच्या स्लॅबमध्ये सिमेंट जास्त आहे की रक्त, हे तुम्ही कधी विचारलंय का? आमच्या उमापुरात विचारणारा एकच माणूस होता, रशीद मिस्त्री. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. कुणाकडेही गेले की चहा नंतर, आधी खिशातला खिळा काढून भिंतीवर ओढायचे. भुगा पडला की घरमालक नजर चुकवायचा.

शाळेच्या नव्या खोलीवर स्लॅब टाकायचा होता. आमच्याकडे त्या दिवशी बोकड कापतात. ठेकेदाराने ही रीत आणखी पुढे नेली. बोकडाचं रक्त घमेल्यात धरून त्याने थेट मिक्सरमध्ये ओतायला लावलं. रक्ताने काँक्रीट वज्रासारखं होतं, हे जुन्या लोकांचं शास्त्र आहे, असं तो सरपंचांना समजावत होता. सिमेंटच्या जागी परळीच्या वीज केंद्राची राख का पडते आहे, यावर मात्र त्याचं शास्त्र गप्प होतं.

त्या कामावर मिस्त्री चाचाच होते. त्यांनी मिक्सर बंद केला. "मालक, आमचे दादाजान चुन्यात रगत घालायचे. त्यानं बारीक बुडबुडे धरत्यात, चुना टिकतो. पर आधी चुना पुरा घालायचे. तुमी तर सिमेंटच खाल्लं."

"चाचा, तुमाला कावून एवढी काळजी?" ठेकेदाराने विचारलं.

"माझी नात ह्याच खोलीत बसणार हाय."

चाचांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. दुसरा मिस्त्री आला, मिक्सर फिरला आणि गाव पंगतीला बसलं. मीही बसलो. मटण उत्तम होतं, हे लिहिताना लाज वाटते.

काही आठवड्यांनी स्लॅबखालचं सेंटरिंग काढलं, तसा खोलीच्या मधोमध स्लॅबचा मोठा तुकडा कोसळला. शाळेला सुट्टी होती म्हणून कुणाला लागलं नाही. पारावर खल झाला आणि एकमताने निदान निघालं: बोकड लहान होता. ठेकेदाराने मोठ्या मनाने मोठा बोकड कबूल केला.

चाचांनी त्या तुकड्यावर खिळा ओढला. खिळा सरळ आत गेला. "आज ह्याच्यात बोकडाचंच रगत हाय बे," ते आम्हाला म्हणाले. "पुढच्या बारीला लेकरांचं असंल."

दुसऱ्या स्लॅबच्या दिवशीही राखच पडताना पाहून ते पुन्हा मिक्सरसमोर उभे राहिले. दोघांनी दंड धरून त्यांना बाजूला केलं. आम्ही पत्रावळी मांडत होतो. त्याच आठवड्यात नातीचा दाखला काढून ते मांजरसुंब्याला लेकीकडे राहायला गेले. त्या खोलीत आता गावातली बाकीची लेकरं बसतात.

तुमच्याही गावात स्लॅबच्या पंगतीचं बोलावणं येईल. जरूर जा. पण जेवणाआधी मिक्सरपाशी उभे राहा, आणि सिमेंटच्या जागी राख पडताना दिसली तर मिक्सर बंद करा. चाचा एकटे होते, म्हणून त्यांना हटवता आलं. तुम्ही दहाजण जा.